गुरुबाईंचा उघडा पंजा

१

ज्या बाईंनी अख्ख्या शहराला पडायचं कसं ते शिकवलं, त्याच बाई पडल्या आणि हात मोडून बसल्या. आता असली बातमी बर्फावरच्या स्केटिंगच्या रिंकवर लपून राहील होय? डॉक्टरमावशी दारातून आत येऊन मफलर सोडतात न सोडतात, तोच तिकीटखिडकीतली मुलगी ओरडली, "मावशी, ऐकलंत का? गुरुबाई पडल्या!"

"गुरुबाई? उद्या मासा बुडाला म्हणून सांगशील."

"खरंच हो! सकाळी सकाळी. एक्स-रे काढून परतसुद्धा आल्यात. घरी जा म्हटलं तर ऐकत नाहीत."

डॉक्टरमावशी हाडांच्या डॉक्टर. दवाखाना लेकीच्या हवाली करून निवृत्त झाल्या, पण घरात बसवेना, म्हणून रिंकच्या प्रथमोपचाराच्या खोलीत येऊन बसायला लागल्या. बर्फावर माणूस कसा पडतो याचा त्यांना आता इतका सराव झाला होता, की नुसती सूज बघून त्या सांगायच्या: हा पाठीवर पडला, ही कठड्याला धडकली, आणि हा शहाणा मैत्रिणीकडे बघत चालला होता. मनगट, माकडहाड आणि हनुवटी ही त्यांची रोजची गिऱ्हाइकं. गुरुबाई मात्र त्या खोलीत पेशंट म्हणून कधी आल्या नव्हत्या.

साहेबांनी मावशींना जिन्यातच गाठलं. साहेब म्हणजे रिंकचे व्यवस्थापक. भिंतीवर मोकळी जागा दिसली की पाटी लावायची, हा त्यांचा छंद. 'यंत्र आत जाईपर्यंत बर्फावर पाऊल ठेवू नये.' 'हेल्मेटशिवाय लहान मुलांना सोडले जाणार नाही.' पाट्या वाचताना पुढे बघावे, एवढीच पाटी लावायची राहिली होती. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता.

"मावशी, दुपारी समिती बसतेय," ते कुजबुजले. "बर्फकाकांना आजच निरोप द्यायचं चाललंय. बर्फाचं काम बाहेरच्या कंपनीला देणार म्हणे. तुम्ही फक्त गुरुबाईंचा हात बघा आणि सांगा, बर्फ खराब होता म्हणून पडल्या."

"वा! निकाल लावून झालाय, आता खटला चालवायचा."

"तसं नाही हो. पण बर्फ चांगला असता, तर गुरुबाई पडतील का? तुम्हीच सांगा."

"त्या स्वतः काय म्हणतात?"

"बर्फ उत्तम होता, चूक माझी. पण त्या सांभाळून घेणारच ना! व्याही आहेत त्यांचे."

हे खरं होतं. बर्फकाका रिंकवरचा बर्फ राखायचे, आणि गुरुबाईंची लेक म्हणजे त्यांची सून. लग्नाआधी ही दोघं नुसती भांडायची, लग्नानंतर मानपान सांभाळून भांडायला लागली, एवढाच काय तो फरक. रोज सकाळी कठड्याच्या अलीकडे एक, पलीकडे एक. "अहो व्याही, बर्फ केलाय की फरशी बसवलीय?" "विहीणबाई, तुमच्या पोरी उड्या मारून खड्डे पाडतात, ते बुजवायला मी आहेच." नवीन माणसाला वाटायचं, आता मारामारी होणार. जुनी माणसं तेवढ्यात चहा घेऊन यायची.

डॉक्टरमावशी जिन्यातच थांबल्या. वर्षानुवर्षं रोज उठून बर्फाला नावं ठेवणारी बाई, आणि ज्या दिवशी हात मोडला नेमक्या त्याच दिवशी म्हणते, बर्फ उत्तम होता?

"साहेब," त्या म्हणाल्या, "समिती बसेपर्यंत मला कुणी अडवायचं नाही. गुरुबाई काहीतरी लपवतायत."

२

प्रथमोपचाराच्या खोलीत गुरुबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या. उजव्या हाताला आधाराची पट्टी, गळ्यात झोळी. दुखत होतं ते दिसत होतं, पण पडले तरी नाक वर.

"या मावशी. हात दाखवून अवलक्षण करायला बसलेय."

मावशींनी आधी एक्स-रे उजेडात धरला. मनगट शाबूत होतं. मोडली होती ती पंजातली हाडं, करंगळीच्या आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या मागची. मग त्यांनी पट्टी अलगद सोडली. पंजाची मागची बाजू निळीजांभळी, आणि सांध्यांवरचं कातडं खरवडलेलं. तळवा मात्र धुतलेल्या बशीसारखा स्वच्छ.

"कशा पडलात?"

"कशा म्हणजे? पाय सटकला, हात टेकला."

"पंजा उघडा ठेवून?"

गुरुबाईंनी काचेकडे मान वळवली. काचेपलीकडे त्यांची जुनी विद्यार्थिनी नवशिक्या बायकांचा वर्ग घेत होती आणि तिचा आवाज आतपर्यंत येत होता. "तोल गेला की गुडघे वाकवा! कुशीवर पडा! आणि मूठ मिटा, मूठ! मागून येणाऱ्याचं पातं बोटांवरून जाईल!" हे शब्द गुरुबाईंचे. या रिंकवर आलेलं इवलंसं पोरसुद्धा आधी मूठ मिटायला शिकायचं आणि मग उभं राहायला.

"तिकडे बघा, तुमचाच धडा चाललाय," मावशी म्हणाल्या. "जी बाई झोपेतसुद्धा मूठ मिटून पडेल, तिचा पंजा उघडा राहिला?"

"वय झालं. विसरले."

"बरं, विसरलात. पण हात टेकला की तळवा सोलपटतो आणि मनगट जातं. तुमचं मनगट ठणठणीत, आणि हात मागच्या बाजूनं खरवडलाय. हात काय उलटा टेकलात?"

"तुम्ही डॉक्टर आहात की फौजदार?"

"हाडांच्या डॉक्टरला थोडं फौजदार व्हावंच लागतं. पेशंट खोटं बोलतो, हाडं बोलत नाहीत."

खिडकीखालच्या हीटरवर गुरुबाईंचे काळे हातमोजे वाळत टाकले होते. मावशींनी उजवा उचलला. मागची बाजू अजून ओलीगच्च आणि धागे निघालेली. तळव्याची बाजू कोरडी, आणि तिथे तपकिरी लोकरीची बारीक बारीक तंतू चिकटलेले. मावशींनी एक तंतू चिमटीत धरून उजेडात नेला.

"तो हातमोजा खाली ठेवा," गुरुबाई म्हणाल्या. "मावशी, माझं ऐका, आणखी खोदू नका. मी पडले, माझा हात मोडला, विषय संपला. तुम्ही खोदत बसलात, तर एका माणसाचा जीव जिथे गुंतलाय, तेच त्याच्या हातून जाईल."

३

धारवाल्याची खोली म्हणजे जिन्याखालचं खोपटं. दगडाचं चाक, ठिणग्या, आणि भिंतीला टांगलेल्या स्केट्सच्या जोड्या. मावशी दारात दिसल्या आणि त्याच्या पाचावर धारण बसली.

"मावशी, आईशप्पथ, मी धार नीट लावली होती!"

"तुला कोण काय म्हणालं? चोराच्या मनात चांदणं. गुरुबाईंच्या स्केट्स कुठायत?"

त्यानं फळीवरून जोडी काढली. "सकाळी धार लावून त्यांच्या बाकावर ठेवली होती. गडबड झाल्यावर उचलून आणली. आता तुम्हीच बघा." त्यानं पातं त्यांच्यासमोर आडवं धरलं. "धार लावली की मी तेलाचा हात फिरवतो. बर्फावर एक चक्कर मारली तरी हे तेल पुसलं जातं. इथे बघा, जसंच्या तसं."

"म्हणजे या पात्यांना आज बर्फ लागलेलाच नाही."

"तेच तर!"

"मग सकाळपासून बोलला का नाहीस, शहाण्या?"

धारवाल्यानं मान खाली घातली. "काय बोलू? गुरुबाई खोटं बोलतात असं? मला बर्फावर पहिल्यांदा उभं त्यांनी केलं, मावशी. बाप वारला तेव्हा इथं कामाला त्यांनीच लावलं. त्या म्हणाल्या पडले, तर पडल्या."

म्हणजे गुरुबाई बर्फावर गेल्या त्या साध्या बुटांनी. कुणी बूट घालून बर्फावर एक पाऊल टाकलं तर 'तंगडं मोडून ठेवीन' म्हणणाऱ्या गुरुबाई! असं काय दिसलं होतं त्यांना, की स्केट्सचे बंद बांधायलाही थांबल्या नाहीत?

हॉकीमास्तर बाहेरच्या बाकावर काठ्यांना पट्टी गुंडाळत होता. गुरुबाईंची सकाळची वेळ त्याच्या पोरांना मिळावी, म्हणून तो कधीपासून जंग जंग पछाडत होता, हे रिंकवर सगळ्यांना ठाऊक होतं. त्यालाही ते ठाऊक होतं.

"विचारा, विचारा," तो आधीच तापला. "हो, मला हवी सकाळची वेळ! म्हणून काय मी बाईचा हात मोडू? मी आलो तेव्हा सगळं उरकलं होतं."

"ओरडू नकोस, माझे कान शाबूत आहेत. बर्फ कसा होता तेवढं सांग."

"आरसा! खोटं कशाला बोलू? पण एक मात्र होतं. पलीकडचा कोपरा राहिला होता."

कोपऱ्यांचं असं, की बर्फ सारखा करणारं ते अवजड यंत्र तिथपर्यंत पोचत नाही. रिंकवर सगळे त्या यंत्राला म्हैस म्हणायचे. म्हैस आत नेऊन बांधली की बर्फकाका लांब दांड्याचं खरवडणं घेऊन पायी परत यायचे आणि वाकून कोपरे साफ करायचे. कोपरा राहिला असं त्यांच्या हातून कधीच झालं नव्हतं.

"अर्धाच खरवडलेला," हॉकीमास्तर म्हणाला, "आणि खरवडणं तिथेच आडवं पडलेलं. मीच उचलून ठेवलं."

"आणि काका?"

"काका बाकावर, बाईंच्या शेजारी. टोपी मांडीवर. माणसाला टक्कल आहे हे मला आज कळलं. इतका घाबरलेला बिचारा, की बाई डाव्या हातानं त्याला पाणी पाजत होत्या."

मावशी उठून उभ्या राहिल्या. "अरे देवा! हात हिचा मोडला, आणि पाणी त्याला?"

तेवढ्यात भोंग्यातून साहेबांचा आवाज घुमला. छोट्या मुलांचा वर्ग थोड्याच वेळात सुरू होईल, त्याआधी बर्फ सारखा केला जाईल, बर्फकाकांनी यंत्र बाहेर काढावं. मावशींचे गुडघे त्यांच्या पेशंटांपेक्षा फार बरे होते अशातला भाग नाही, पण त्या धावत सुटल्या.

४

म्हैस गुरगुरत होती. बर्फकाकांचा एक पाय पायरीवर होता, एक हात दांडीला. डोक्यावर तपकिरी लोकरीची टोपी, कानांपर्यंत ओढलेली.

"उतरा खाली," मावशी धापा टाकत म्हणाल्या.

"मावशी, पोरं खोळंबलीत."

"म्हणूनच उतरा. उतरा म्हणते ना!"

मावशींचा हा आवाज त्यांनी आधी ऐकला नव्हता. त्यांनी पाय खाली घेतला, पण हात दांडीवरच राहिला.

"आता मी बोलते, चुकलं तर सांगा," मावशी म्हणाल्या. "सकाळी म्हैस आत ठेवून तुम्ही कोपरा खरवडायला गेलात. अर्ध्यात तुम्हाला काहीतरी झालं, खरवडणं हातातून सुटलं. गुरुबाई बाकावर बसून स्केट्स घालणार होत्या. त्यांना तुम्ही झुलताना दिसलात. स्केट्स तिथेच टाकून त्या बुटांवर धावल्या. तुम्ही मागच्या मागे कोसळलात, आणि तुमचं डोकं बर्फावर आपटणार, तेवढ्यात त्यांनी खाली हात घातला. मुठीत डोकं झेलता येत नाही, काका. त्याला पंजा उघडा लागतो. तळव्यावर तुमचं डोकं आलं, खाली दगडासारखा बर्फ, आणि मध्ये त्यांची हाडं. तुमच्या टोपीची लोकर अजून त्यांच्या हातमोज्याला चिकटलेली आहे."

बर्फकाका मटकन पायरीवर बसले. टोपी काढून त्यांनी दोन्ही हातांत धरली.

"मी सांगणारच होतो," ते म्हणाले. "विहीणबाईंनी सांगू दिलं नाही."

"नाहीच देणार!" मागून आवाज आला. गुरुबाई झोळीतला हात सावरत दारात उभ्या होत्या. रागानं लाल झाल्या होत्या आणि डोळे भरून आले होते. "सांगून काय होणार होतं? जावईबापूंनी कधीच बजावून ठेवलंय, बाबा, एकदा जरी काही झालं, तर ती म्हैस बंद आणि तुम्ही घरात. या माणसाला घरात बसवलं तर हा महिनाभर तरी जगेल का? म्हटलं, मी पडले म्हणते. मला कोण काय करतंय?"

"आणि झालं काय?" मावशींनी विचारलं. "तुम्ही पडलात म्हटल्यावर बर्फ गुन्हेगार ठरला, आणि बर्फ ज्याचा, तो गुन्हेगार. वाचवायला गेलात, आणि दुपारच्या समितीसमोर यांनाच उभं केलंत."

"मला काय ठाऊक असं होईल?" गुरुबाईंचा ताठा एकदम उतरला. "मी तर सारखी सांगत होते, बर्फ उत्तम होता. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलले या बर्फाबद्दल, तर कुणी ऐकेना."

बर्फकाकांनी वर बघितलं. एवढ्या गडबडीतही ते वाक्य त्यांनी बरोबर टिपलं होतं, पण बोलायची ती वेळ नव्हती.

"चक्कर कशी आली?" मावशींनी विचारलं.

"वाकलो होतो. मान वर केली, आणि अख्खं रिंक गरगर फिरलं. शुद्ध नव्हती गेली."

"पहिल्यांदाच?"

काका घुटमळले. "घरी एकदा. अंथरुणात कूस बदलताना."

"कुणाला बोलला नसालच. बहुतेक कानाचं दुखणं आहे. मी हाडांची डॉक्टर, तेव्हा माझ्या शब्दावर जाऊ नका. आज कानाच्या डॉक्टरकडे जायचं, बाकीच्याही तपासण्या करायच्या. कानाचंच निघालं, तर बरं होण्यासारखं असतं. पण तोवर या म्हशीवर बसायचं नाही."

"आजच्या दिवस तेवढं..."

"काका, हिच्या पोटाखाली केवढं पातं आहे हे मी तुम्हाला सांगू? चालवताना मान वळवलीत आणि पुन्हा फिरलं तर?"

काचेपलीकडे छोट्यांची रांग लागली होती. लाल-पिवळी हेल्मेटं, एकमेकांना ढकलाढकली. त्यातलं एक पिवळं हेल्मेट काचेला नाक लावून आजोबांना हात करत होतं. बर्फकाकांनी नातीला हात केला. मग वळून यंत्र बंद केलं आणि किल्ली काढली.

"समितीला मी एवढंच सांगणार, की हा हात खराब बर्फानं मोडलेला नाही," मावशी म्हणाल्या. "पुढचं सांगायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा."

५

साहेबांच्या खोलीत बर्फकाकांनी सगळं उभ्याउभ्या सांगितलं. काही राखून ठेवलं नाही, घरी आलेली पहिली चक्करसुद्धा. बोलून झाल्यावर त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. एवढ्या वर्षांत ती किल्ली कामाच्या वेळात त्यांनी दुसऱ्या कुणाकडे दिली नव्हती, त्यामुळे ती ठेवून झाल्यावर हाताचं काय करावं हे त्यांना कळेना.

साहेब किल्लीकडे बघत राहिले. "नियम असा आहे, की चक्कर येणाऱ्या माणसानं यंत्र चालवायचं नाही."

"ठाऊक आहे."

"पण काका," साहेबांनी घसा साफ केला, "बरं झाल्यावर परत बसायचं नाही, असा नियम माझ्या एकाही पाटीवर नाही. समितीपुढे मी हे बोलणार. पहिल्यांदाच बोलणार आहे, तेव्हा आवाज कापला तर हसू नका."

आवाज कापला, असं नंतर हॉकीमास्तरनं सांगितलं, कारण तो दाराला कान लावून उभा होता. पण साहेब बोलले. डॉक्टरमावशींनी हाताची हकीकत सांगितली, धारवाल्यानं तेल लावलेलं पातं दाखवलं. कंपनीचं बारगळलं. ठरलं ते असं: काका बरे होईपर्यंत म्हैस धारवाला चालवेल, आणि काका कठड्याबाहेर खुर्ची टाकून त्याला शिकवतील. पहाटे बर्फावर एकट्यानं कुणी उतरायचं नाही. आणि कोपरा खरवडताना डोक्यावर हेल्मेट पाहिजेच, मग तो माणूस छोटा असो की आजोबा. साहेब लगेच पाटी रंगवायला पळाले.

व्याही-विहीण बाकावर शेजारी शेजारी बसली होती. समोर धारवाला म्हैस वेडीवाकडी फिरवत होता आणि बर्फकाकांचा जीव वरखाली होत होता.

"बोटं नीट होतील ना हो, मावशी?" गुरुबाईंनी हळूच विचारलं.

मावशींनी लपवलं नाही. "होतील. करंगळी थोडी वाकडी राहील कदाचित."

बर्फकाकांना ते ऐकवेना. टोपीत तोंड घालून ते रडले, अगदी मोठ्यानं, आजूबाजूला कोण आहे हे न बघता. "माझ्या टकल्या डोक्यापायी," ते म्हणत होते, "माझ्या टकल्या डोक्यापायी..."

"अहो, रडताय काय?" गुरुबाईंनी डाव्या हातानं त्यांना कोपरखळी दिली. "तुमचं डोकं फुटलं असतं, तर माझ्या लेकीनं सासरा कुठून आणला असता? आणि मी भांडले असते कुणाशी, या धारवाल्याशी? तो तर ऐकून घेतो सगळं. त्यात काय मजा?"

काका रडतारडता हसले. मग त्यांना दिसलं, गुरुबाईंच्या बुटाचा बंद सुटलाय आणि एका हातानं तो बांधता येत नाहीये. ते लगेच खाली झुकले.

"वाकू नका!" दोन्ही बायका एकदमच ओरडल्या. शेवटी मावशींनीच खाली बसून बंद बांधला.

काकांनी खिशातून फोन काढला. मुलाचा नंबर लावला.

"हॅलो, मी बोलतोय," ते म्हणाले. "आज रिंकवर मला चक्कर आली. आधी सगळं ऐकून घे, मग काय ओरडायचं ते ओरड. तुझ्या सासूबाईंचा हात..."

पलीकडून आवाज चढलेला ऐकू आला. काकांनी डोळे मिटून घेतले. गुरुबाईंनी डाव्या हातानं त्यांच्या कानाजवळचा फोन काढून घेतला आणि आपल्या कानाला लावला.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "ओरडायचं तर आधी माझ्यावर ओरडा. आणि संध्याकाळी गाडी घेऊन या, तुमच्या वडिलांना कानाच्या डॉक्टरकडे न्यायचंय. मीही येणार आहे बरोबर."